काडीच्या आधाराचा स्विच

“मी नाही हो वीज घालवली!” फार जुनी नाही, मिक्सर बोलायचे तेव्हाची गोष्ट. एका घरात मिक्सरबाई ओरडून ओरडून थकल्या, पण कुणी विश्वास ठेवेल तर शपथ! चटणी वाटायला घेतली की वीज गुल. मग दोष कुणाचा? जी मोठ्याने बोलते तिचा!

“बाईचा आवाजच घर बुडवणारा,” फ्रिज थंडपणे म्हणाला.

शेवटी मालकीण रखमाने मिक्सरबाईंना पिशवीत भरलं आणि भंगारवाल्यासाठी दारात ठेवलं. मग तिने इस्त्री लावली, तर वीज पुन्हा गुल.

“आता बोला रे मेल्यांनो!” मिक्सरबाई पिशवीतून गरजल्या. “मी तर दारात बसलेय!”

रखमाने मेन बंद केला आणि भिंतीवरच्या स्विचच्या डब्याचं झाकण काढलं. रांगेत एक नवा स्विच वाकडा बसला होता. त्याच्या बुडाशी माचिसची काडी खुपसलेली होती, तीही जळून काळी पडलेली.

“मला कशाला डोळे वटारता?” नवा रडकुंडीला आला. “मी दुसऱ्या कंपनीच्या डब्याचा. तिथे चपखल बसतो, इथे वीज आणणाऱ्या पट्टीला नीट टेकतसुद्धा नाही. पण तुमचे दीर म्हणाले, रंग जुळतोय ना, झालं! आणि काडी ठोकून मला घट्ट केलं. आता कुणी जास्त वीज ओढली की मी तापतो आणि बंद पडतो.”

नवा दुकानात परत गेला, डब्याच्याच कंपनीचा स्विच आला आणि मिक्सरबाई ओट्यावर परतल्या. चटणी वाटताना त्या अजून गुरगुरतात. नीट कान दिला तर त्यात एकच नाव ऐकू येतं: केरबाभाऊजी!