हिवरझरीचा खचलेला साकव

हिवरझरीच्या ओढ्यावरचा हा दगडी साकव मधोमध बोटभर खचलेला आहे. नवा पाहुणा आला की विचारतोच, पडायचा तर नाही ना? नाही पडत. आमच्या आज्यांच्या आज्या याच्यावरून गेल्या. तो खचला कसा, हे ऐकायचं असेल तर टेका जरा या कठड्यावर, आणि ते फोटो मग काढा.

फार मागची गोष्ट सांगतात. अनसूबाई नावाची एक बाई नगरकडून अक्षरं शिकून आली आणि ओढ्यापलीकडच्या एका पडक्या गोठ्यात तिनं मुलींची शाळा मांडली. ज्या पोरांच्या वाट्याला जमीन नव्हती त्यांनाही ती जवळ बसवी. कुणाचा हात कशाला वळतो ते निरखी, मग कुणाला सुताराकडे धाडी, कुणाला लोहाराकडे. गावाला हे रुचलं नाही. बाई वाचायला लागली की घर बुडतं, असं तेव्हा खरंच मानत. पण अनसूबाई खमकी. पावसाळ्यात ओढा फुगला की मुलींना येता येईना, म्हणून तिनं साकवाचाच घाट घातला. शिकवायला धोंडी पाथरवट, राबायला तिची पोरं. धोंडीची नात ठकू बाईंकडे बाराखडी गिरवायची. तिनं छिन्नी मागितली. आजा नको म्हणाला. बाईंनी त्याला गळ घातली आणि छिन्नी स्वतः तिच्या हातात दिली.

कमान भरत आली आणि धोंडी तापानं गेला. ज्याच्यावर सगळी कमान तोलते तो मधला शेवटचा दगड ठकूनं घडवला, तिनंच बसवला. झालं, गावात आग्यामोहोळ उठलं. पाथरवटांची एक रीत होती म्हणे. कमानीखालचे लाकडी टेकू काढताना, ज्यानं तो मधला दगड बसवला त्यानंच खाली उभं राहायचं. पाटलांनी नेमकी तीच पुढे केली. ठकूनं खाली उभं राहावं, नाहीतर कमान पाडावी आणि बाईनं शाळा गुंडाळून गाव सोडावं.

अनसूबाई मनातून हादरली. तिला अक्षरं येत होती, दगड कळत नव्हता. तो नीट बसला की नाही, हे तिला सांगता येईना आणि विचारायला धोंडी उरला नव्हता. पोर मेली तर ते पाप आपलंच, हे मात्र तिला पक्कं कळत होतं. निमूट निघून जावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं म्हणतात.

सकाळी दोन्ही काठांवर गाव जमलं. ठकूची आई पोरीला सोडेना. तेवढ्यात बाईंनी पदर खोचला, त्या ओढ्यात उतरल्या आणि कमानीखाली जाऊन उभ्या राहिल्या. पाटील म्हणाले, हे रीतीला धरून नाही.

"दगड पोरीनं बसवला, पण छिन्नी मी दिली," बाई म्हणाल्या. "शिकवणारी खाली उभी राहील. टेकू ठकू बाहेर राहून काढेल."

ठकूच्या हातातला हातोडा म्हणे दोनदा निसटला. एकेक टेकू पडत गेला तसे काठावरचे लोक मागे सरकले. शेवटच्या टेकूशी पोरीनं हातोडा खाली ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. बाईंनी पोरीकडे पाहिलं.

"ठकू, घाल घाव. मी हलत नाही."

घाव बसला. कमान करकरली, बोटभर खाली आली, बाईंच्या डोक्यावर चुन्याची भुकटी सांडली. काठावरच्या बायकांनी डोळे मिटले. आणि कमान थांबली. बाई मटकन पाण्यात बसल्या आणि सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडल्या. ठकू तशीच धावत जाऊन त्यांना बिलगली. पाटील घरी गेले.

आजही हिवरझरीत कुणी कुणाला काही शिकवलं, की पहिला प्रयोग शिकवणाऱ्याच्याच अंगावर. न्हाव्याचं पोर पहिला वस्तरा वस्तादाच्याच गळ्यावर फिरवतं. वस्ताद तेवढा वेळ कुलदैवत आठवत बसतो. शिवणवर्गातलं पहिलं वेडंवाकडं पोलकं बाई मुकाट्यानं घालून बाजारात हिंडतात. मागच्या साली आमच्या मेंढक्याची प्रणाली दवाखान्यात सुई टोचायला शिकली. सिस्टरनी बाही वर केली आणि दंड पुढे धरला. सिस्टरनी सुईकडे पाहिलंच नाही. ती आत जाईपर्यंत त्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.