किडेबाईंचा म्हाळू

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? तर कुणी "जरा थांब" म्हटलं, की कुणीतरी "आता जा" म्हणेपर्यंत तो तिथंच उभा राहायचा. एकदा थांबवणारा माणूसच परगावी निघून गेला. मग म्हाळूची आई भाकरी घेऊन चावडीपाशी गेली, त्याला उभ्या उभ्या जेवू घातलं आणि मग म्हणाली, "जा बाबा आता."

त्याच गावात माणिकबाई राहायच्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लोक गाई पाळतात, कुत्री पाळतात. बाईंनी किडे पाळले होते. ओसरीभर काचेच्या पेट्या. एकीत गोगलगायी, एकीत हात लावताच पैशासारखे गोल होणारे पैसाकिडे. आणि मधल्या मोठ्या पेटीत बाईंचा जीव की प्राण, प्रार्थनाकिड्याची मादी. हिरवीगार, त्रिकोणी डोक्याची, पुढचे दोन पाय सदा जोडलेले. देवापुढं उभी असल्यासारखी दिसायची. पण ते हात जोडलेले असायचे शिकारीसाठी.

गाव बाईंना किडेबाई म्हणायचं आणि घरावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जायचं. कामाला कुणी टिकेना. म्हाळूला किळस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. म्हणून बाईंनी म्हाळूला ठेवला.

पहिल्याच दिवशी मादीच्या खाण्यासाठी जिवंत नाकतोडे आणले होते. बाई म्हणाल्या, "म्हाळू, मी बाजारात जाऊन येते. नाकतोड्यांवर लक्ष ठेव."

म्हाळू उघड्या पेटीसमोर मांडी घालून बसला. एक नाकतोडा उडाला. म्हाळूनं लक्ष ठेवलं. दुसरा उडाला. म्हाळूनं त्याच्यावरही लक्ष ठेवलं.

बाई आल्या. पेटी रिकामी.

"अरे, नाकतोडे कुठं गेले?"

"एक पेरूवर बसलाय. दोघं शेजारच्या काकूंच्या पापडांवर. बाकीचे माळाकडं गेले."

"आणि तू काय करत होतास?"

"लक्ष ठेवत होतो. म्हणून तर सांगता येतंय."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, झाकण लावायचं! चांगलं घट्ट!"

"बरं बाई. पुढच्या खेपेला झाकण घट्ट."

पुढची खेप गोगलगायींची आली. म्हाळूनं पेटी पुसली, झाकण लावलं. त्यावर फडकं बांधलं, फडक्यावर सुतळी आवळली, आणि सुतळीवर पाटा ठेवला. सकाळी बाईंनी उघडून पाहिलं, तर सगळ्या गोगलगायी शंखात शिरून निपचित पडलेल्या. बाईंनी वारा घातला, पाणी शिंपडलं, तेव्हा कुठं एकेकीनं शिंग बाहेर काढलं.

"गुदमरून मेल्या असत्या रे! झाकणाला भोकं पाडायची असतात. हवा नको का आत जायला?"

"बरं बाई. पुढच्या खेपेला भोकं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्या हाती डबा दिला आणि घाण्यावरून गोडं तेल आणायला धाडलं. तेल भरून घेतल्यावर म्हाळूला आठवण झाली. त्यानं खिळा आणि दगड घेऊन झाकणाला भोकं पाडली. मग त्याच्या मनात आलं, वरच्या तेलाला हवा मिळेल, पण तळच्या तेलानं काय करायचं? म्हणून त्यानं तळालाही पाडली.

घरी आला तेव्हा डबा हलका होता आणि मागं गावातली सगळी कुत्री वाट चाटत येत होती.

"भोकांचं नाव काढू नकोस पुन्हा!" बाई ओरडल्या. "वस्तू आणायची तर छातीशी घट्ट धरायची. हलू द्यायची नाही. सावकाश चालत यायचं."

"बरं बाई. पुढच्या खेपेला छातीशी घट्ट."

त्याच आठवड्यात निरोप आला, की मळ्यात कडब्याच्या गंजीखाली एक झकास काळा विंचू सापडलाय. बाईंना तो हवाच होता. त्यांनी एक बरणी दिली आणि म्हाळूला पाठवला. बरणी म्हाळूनं बगलेत मारली. विंचू छातीशी धरला. घट्ट. आणि सावकाश चालत निघाला.

वाटेत भेटेल तो विचारी, "काय रे म्हाळू, रडतोस का?"

"विंचू चावतोय."

"मग टाक की खाली!"

"बाईंनी हलू द्यायचा नाही म्हणून सांगितलंय."

त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच्या उशाशी बसून बाई स्वतःच रडकुंडीला आल्या होत्या. "अरे वेड्या, असल्याला चिमट्यानं धरायचं. मागच्या बाजूनं. आणि अंगापासून हातभर लांब ठेवायचं."

"बरं बाई," म्हाळू कण्हत म्हणाला. "पुढच्या खेपेला चिमटा."

म्हाळू बरा झाला त्या दिवशी बाईंचे जुने गुरुजी, ओगलेसर, एसटीनं येणार होते. वय झालेलं, पांढरंशुभ्र धोतर, हातात एक छोटी पेटी. त्या पेटीत प्रार्थनाकिड्याचा नर होता. सरांनी तो अंड्यातून निघाल्यापासून वाढवला होता. बाईंच्या मादीशी त्याची जोडी जमवायची, ही दोघांची फार दिवसांची इच्छा होती.

"म्हाळू, स्टँडवरून पाहुण्यांना घेऊन ये," बाई म्हणाल्या.

म्हाळू चिमटा घेऊन गेला. सर एसटीतून उतरले. म्हाळू मागच्या बाजूनं गेला, चिमट्यात त्यांच्या धोतराचा कासोटा धरला आणि त्यांना हातभर लांब ठेवून भर बाजारातून चालवत निघाला. सर एका हातानं धोतर सावरत होते आणि दुसऱ्या हातानं नराची पेटी.

"अरे, सोड! कोण आहेस तू?"

"घाबरू नका. नांगी मारली नाहीत, तर काही करणार नाही."

बाईंनी दारात हे ध्यान पाहिलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. सरांना आत बसवून त्या बाहेर आल्या. "पाहुण्यांशी असं वागतात? पाहुणा आला की हात जोडायचे. या, बसा म्हणायचं. पाय धुवायला पाणी द्यायचं. घरच्यांच्या समोर नीट नेऊन बसवायचं!"

"बरं बाई. पुढच्या खेपेला हात जोडीन."

बाई आता सरांच्या चहाला लागल्या. आतूनच म्हणाल्या, "म्हाळू, तो नवा पाहुणा मोठ्या पेटीजवळ ठेव रे."

म्हाळूनं छोटी पेटी उघडली. नव्या पाहुण्याला हात जोडले. पाहुण्याचे हात आधीच जोडलेले होते. म्हाळूला भरून आलं. "या, बसा," तो म्हणाला. मग थेंबाथेंबानं त्यानं पाहुण्याचे चारही पाय धुतले. वरचे दोन धुतले नाहीत, कारण ते हात होते. मग मोठी पेटी उघडून पाहुण्याला घरच्या बाईंच्या अगदी समोर नेऊन बसवलं.

मादीनंही हात जोडले होते. तिघंही हात जोडून उभे. आधी हात खाली कुणी घ्यायचे, हा प्रश्नच होता. पाहुण्याआधी आपण घेणं बरं दिसत नाही, म्हणून म्हाळू तसाच थांबला.

मादीनं मात्र हात सोडले. झडप घातली आणि पाहुण्याचं डोकं कुरतडायला घेतलं.

चहा घेऊन बाई आणि सर बाहेर आले, तेव्हा पेटीच्या तळाशी दोन पंख उरले होते, आणि म्हाळू अजून हात जोडून उभा होता.

सरांनी रिकामी पेटी उचलून मांडीवर घेतली आणि खाली मान घालून बसले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.  म्हाळूला ओरडा खायची सवय होती. पण या खेपेला कुणी ओरडलंच नाही.

"माझं काय चुकलं, बाई?"

"ती उपाशी होती रे," बाई हळूच म्हणाल्या. "मादीला आधी पोटभर खाऊ घालायचं. ती सुस्तावली, की मग नरानं जायचं. तेसुद्धा मागच्या बाजूनं, दबकत. समोरून गेला की मुंडकं गेलंच म्हणून समज."

म्हाळूनं ते मनात अगदी कोरून ठेवलं. सरांचा उतरलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

थोड्याच दिवसांत म्हाळूला मुलगी दाखवायचं ठरलं. त्याची आई हरखून गेली होती. इतकी वर्षं म्हाळूचं नाव ऐकलं, की लोक दुसराच विषय काढायचे. शेजारच्या गावच्या हौसाच्या वडिलांनी मात्र "या" म्हटलं होतं. "म्हाळू, काही बोलू नकोस," आईनं बजावलं. "ही जुळली नाही, तर जन्मभर माझ्याच हातची भाकरी खाशील."

बैठक भरली. पानसुपारी झाली. हौसाचे वडील म्हणाले, "मुलगा कुठाय?"

आईनं शेजारी पाहिलं. सतरंजीवर मुलगा नव्हता.

मुलगा गोठ्यातून, मागच्या दारानं, दबकत स्वयंपाकघरात शिरला होता. हौसा पोह्यांच्या ताटल्या भरत होती.

"मागं बघू नका," तो कुजबुजला. "जेवलात का?"

"नाही. पाहुणे जाईस्तोवर कोण जेवतंय?"

म्हाळूचा चेहरा पांढराफटक पडला. "उपाशी आहात? आधी खा. खा म्हणतो ना!"

हौसाला सकाळपासून भूक लागलेली होती. एक ताटली संपली. म्हाळूनं पाठीमागूनच दुसरी सरकवली. मग लाडू. मग पुन्हा पोहे. बाहेर पाहुणे ताटकळले. शेवटी वडील आत आले.

"कोण रं तू?"

"मी नर. हिला सुस्ती आली की येतो बाहेर."

वडिलांनी कोपऱ्यातली काठी उचलली. तोंडात लाडू असलेली हौसा मध्ये आली. "दादा, असू दे. या घरात जेवलीस का म्हणून विचारणारा हा पहिलाच. मला पसंत आहे."

आणि लग्न ठरलं! आई देवाला साखर ठेवायला धावली. किडेबाईंनी नवरदेवासाठी कोशा फेटा आणला. मांडव पडला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. भटजींनी अंतरपाट ओढला.

हौसा हार घेऊन उभी. समोर नवरदेव नाही.

नवरदेव तिच्या मागं होता. दबकत. हातात हार.

हौसा वळली. तो पुन्हा मागं गेला. ती उजवीकडून वळली, तो डावीकडून पळाला. वऱ्हाडाला वाटलं, म्हाळूच्या घराण्याची रीत असेल. ते अक्षता टाकत राहिले.

"अहो, फेरे नंतर आहेत!" भटजी ओरडले.

"म्हाळू, समोर ये!" आई ओरडली.

"आये, पहाटेपासून उपास धरलाय हिनं!" म्हाळू पळता पळता ओरडला. "अजून पाणीसुद्धा प्यालेली नाही!"

शेवटी हौसानं पदर खोचला, गर्रकन फिरली आणि त्याचा फेटा धरला. आता सुटका नव्हती. म्हाळूनं गच्च डोळे मिटले, आईकडं तोंड करून हात जोडले आणि नवरीपुढं मान वाकवली.

"खा," तो म्हणाला. "पण माणिकबाईंना सांगा, या खेपेला मी मागूनच गेलो होतो."