बावरूची पहिली बोली

जंगलात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हापासून कोतवाल पक्षी इतर पक्ष्यांच्या बोली शिकतात. संकट आलं की त्या बोलीत ओरडून मदत मागतात.

बावरू नावाच्या कोतवालाला पहिली बोली कोणती शिकावी, हेच ठरेना.

"साळुंकीची शीक, सोपी आहे," आई म्हणाली.

"सोपी शिकून कोण विचारणार तुला? शिक्र्याची शीक!" कावळा म्हणाला.

बावरू रोज नवी बोली धरायचा आणि ती चुकीची असेल या धास्तीने सोडून द्यायचा. धाकटी बहीण ठकी मात्र थव्याने फिरणाऱ्या सातभाई पक्ष्यांची कलकल घोकत बसायची.

एके दिवशी घरट्याशी साप आला. बावरू ओरडला, पण तोंडातून चार बोलींचे तुकडे निघाले. कुणालाच काही कळलं नाही. मग ठकी सातभाईंच्या बोलीत ओरडली. सातही जणांनी धावून येऊन सापाला टोचून टोचून पिटाळलं.

बावरूने थोरल्या सातभाईला विचारलं, "काका, मीही तुमचीच शिकू?"

"आज कोणती धरली आहेस?"

"साळुंकीची."

"मग तीच शीक."

"आणि ती चुकीची निघाली तर?"

"तर एक शिकून झाल्यावर दुसरी शिकायला एवढा वेळ लागणार नाही, बाळा."