चांदीची वाटी, लाखेची वाटी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. डोंगरातल्या त्या राज्यात एक रुंद नदी होती आणि नदीला एक घाट होता. घाटाच्या थोडं खाली नदी कड्यावरून कोसळायची. एरवी नावाडी घाट बघून नाव लावत. पण थंडीच्या सकाळी असं धुकं पडायचं, की स्वतःचं वल्हं दिसू नये. मग नावा लागायच्या त्या केवळ आवाजावर.

त्यासाठी घाटावर एक कर्णेकरी नेमलेला होता. माणसाच्या उंचीचा पितळी कर्णा तो नावा पाण्यात असेपर्यंत फुंकत राही. नावाड्यांची रीत ठरलेली होती. आवाज समोर ठेवायचा आणि वल्हवायचं. आवाज थांबला, तर धबधबा पाठीशी घेऊन नावेचं तोंड प्रवाहाच्या उलट वळवायचं आणि आवाज पुन्हा येईपर्यंत जागच्या जागी वल्ही मारत राहायचं. किती वेळ? हातात बळ असेल तितका वेळ. त्यापुढचं कोणी बोलत नसे.

आता हा कर्णेकरी कामाला पक्का, पण स्वभावाने भारी काळजीखोर. कर्ण्याच्या टोकाला ओठ टेकवायची एक लहानशी वाटी असते, ती काढता-घालता येते. एका वर्षी राजाने खूश होऊन त्याला चांदीची वाटी दिली. तिचा सूर असा खणखणीत, की पलीकडच्या तीरावरची माणसं माना डोलवत. झालं, तेव्हापासून बिचाऱ्याच्या जिवाला घोर लागला. सूर जरा बसला तर लोक काय म्हणतील? दिवाणजींच्या कानावर गेलं तर? वाटी परत मागितली तर? आणि वाटीपाठोपाठ जागाही गेली तर?

थंडी वाढली, की चांदी गारठून जाई. ओठ बधिर होत, फुटत, रक्त येई. तरी तो तीच वाटी लावी.

त्याची थोरली बहीण लाखेच्या बांगड्या करायची. तिने एकदा भावाचे ओठ पाहिले. तिने लाख तापवली, घोटली आणि एक वाटी करून त्याच्या हातात ठेवली.

"थंडीत ही लावत जा. ही गार पडत नाही," ती म्हणाली. "उन्हाळ्यात मऊ पडेल, तेव्हा तुझी चांदी आहेच की."

त्याने फुंकून पाहिलं. ओठांना बरं वाटलं. पण सूर जाडसर, थोडा घोगरा निघाला.

"ताई, लोक हसतील गं. म्हणतील, राजाचा कर्णेकरी बांगड्यांची लाख तोंडाला लावतो."

"नावेतल्या माणसाला घाट कुठे आहे ते कळलं म्हणजे झालं. तू काय मैफलीला बसलायस?"

तो ओशाळून हसला आणि वाटी कमरेला खोचली. ती तिथेच राहिली.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. धुकं दाटलं. त्यात दिवाणजी घाट पाहायला आलेले. पलीकडच्या तीरावर नगाऱ्याचे तीन ठोके पडले, म्हणजे तीन नावा सुटल्या. पलीकडून लाख घेऊन परतणारी बहीण नेहमीप्रमाणे शेवटच्या नावेत असणार, हे त्याला ठाऊक होतं.

त्याचा हात कमरेकडे गेला. तेवढ्यात दिवाणजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात आपोआप मागे आला. त्याने चांदीचीच वाटी लावली.

पहिली नाव लागली. दुसरीही लागली. मग ओठ बधिर झाले. सूर फाटला, चिरकला. त्याने घाईघाईने वाटी काढली आणि ऊब यावी म्हणून पायाशी ठेवलेल्या शेगडीतल्या निखाऱ्यांवर धरली. दोन श्वास धरली, आणखी दोन धरली. बधिर बोटांना ती किती तापली तेही कळलं नाही. त्याने वाटी लावून ओठ टेकवले आणि तो किंचाळलाच. ओठ भाजून निघाले होते.

घाटावर शांतता पसरली. ऐकू येत होता तो फक्त धबधबा. धुक्यात कुठेतरी वल्ही पाण्यावर आपटत होती. पुढे येत नव्हती, जागच्या जागी. काय करून बसलो मी, ताई, काय करून बसलो!

"थांबलात का?" दिवाणजी ओरडले. "अहो, कशानेही वाजवा, पण वाजवा!"

त्याने कमरेची लाखेची वाटी काढली आणि बसवली. भाजलेल्या ओठांनी तो फुंकू लागला. सूर कसला, नुसती घरघर होती ती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थांबला नाही.

वल्ह्यांचा आवाज हळूहळू जवळ आला. नाव घाटाला टेकली. नावाड्यांच्या तळहातांची सालटी निघाली होती. वृद्ध नावाडी पायरीवर बसला आणि म्हणाला, "अजून दहा वल्ही, कर्णेकरी. हातात तेवढीच उरली होती."

बहिणीने खाली उतरून भावाचं तोंड पाहिलं आणि त्याला पोटाशी धरलं. रागावली नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं.

ओठ भरून आले, पण निबर झाले. त्यांतून पुन्हा कधी सूर निघाला नाही. दिवाणजींनी नव्हे, त्याने स्वतःच जाऊन जागा सोडली.

पुढच्या थंडीत एका सकाळी तो घाटाच्या पायरीवर उभा होता. बहीण पलीकडून येणाऱ्या नावेत होती आणि धुक्यात काही दिसत नव्हतं. नवा कर्णेकरी फुंकत होता. सूर गोड आहे की घोगरा, वाटी चांदीची आहे की लाखेची, यातलं काही त्याच्या मनातही आलं नाही. तो जीव मुठीत धरून एवढंच ऐकत होता, की आवाज चालू आहे ना.

मुलांनो आणि थोरांनो, ज्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, तिथे आपला मान नव्हे, काम निभावणारं साधन निवडावं.