तात्यासाहेबांच्या कॉम्प्युटरची उत्तरपूजा

"मशीन अडलं की बंद करून चालू करतात, चालतं. मग माणसाला का नाही करत?"

हा प्रश्न मुराने डॉक्टरांना विचारला, भटजींना विचारला, तेराव्याला जेवायला आलेल्या मामांनाही विचारला. मामा म्हणाले, "भात वाढ."

मुराचा थोरला भाऊ सदाशिव दूध संघाचे कॉम्प्युटर सांभाळायचा. मोटरसायकलवरून कामाला गेला, तो परत आलाच नाही. मागे राहिला फक्त त्याचा आवाज. संघाच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला की टेप वाजायची, "नमस्कार, मी सदाशिव. काय अडलंय? आधी एकदा बंद करून चालू करा. नाही जमलं तर मी येतोच!"

मुरा रोज तो नंबर लावायचा आणि फोन आईच्या कानाला धरायचा.

आणि आज संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी हुकूम सोडला, "गेलेल्या माणसाचा आवाज ऑफिसात? अपशकुन! पुसून टाका!"

कळताक्षणी मुरा थेट त्यांच्या केबिनमध्ये घुसला.

"चपला काढ!" तात्यासाहेब ओरडले. "आत कॉम्प्युटर आहे!"

आहे म्हणजे काय, विराजमान होता! पाटावर लाल कापड, त्यावर कॉम्प्युटरचा डबा, डब्याला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. पाडव्याच्या मुहूर्तावर चालू केला, त्याच वर्षी तात्यासाहेब निवडून आले. तेव्हापासून तो बंद करायचा नाही, असा दंडक होता. संघाची वेबसाइट त्याच्यावरच चालायची. सध्या चालत नव्हती, बसली होती. उघडली की तात्यासाहेबांचा फोटो फेट्यापासून मिशीपर्यंत यायचा आणि तिथेच अडकायचा. दुधाचे दर मिशीच्या खाली होते, ते कुणालाच दिसत नव्हते.

"तात्यासाहेब, दादाचा आवाज पुसू नका," मुरा म्हणाला.

"आधी हे बघ! पुण्याहून दोन इंजिनियर आले. एसीत बसून चहा प्यायले आणि म्हणाले, बंद करून चालू करा. हाकलून दिले! मला हा न बंद करता नीट करून पाहिजे. कुणी बटणाला हात लावायचा नाही. करून दाखव, आवाज राहील. नाहीतर संध्याकाळी पुसला म्हणून समज!"

"बटणाला हात न लावता?"

"न लावता! आठवी नापास ना तू? मग कळायला वेळ लागेल. बस विचार करत."

मुराचा पाय शिवशिवला. तो पाट, तो हार, सगळं एका लाथेत उडवावंसं वाटलं. पण लाथ मारली असती तर आवाज गेला असता. तो वाकून डबा न्याहाळू लागला. हाराच्या पाकळ्या आणि अक्षता पंख्याच्या जाळीत गच्च बसल्या होत्या. डबा तव्यासारखा तापला होता. आणि भिंतीतून आलेली विजेची वायर इतकी आखूड, की ताणून ताणून कशीबशी लावलेली.

"तात्यासाहेब," तो एकदम म्हणाला, "संघाच्या गणपतीला काल निरोप दिलात ना?"

"दिला. वाजतगाजत!"

"मुहूर्तावर बसवलेला देव तुम्ही घालवलात?"

"तोंड सांभाळ! घालवला कसा? उत्तरपूजा केली, पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं. देव परत येतोच!"

"मग यानं काय पाप केलंय? इतकी वर्षं झाली, एकदाही निरोप नाही! गणपतीलाही एवढं कुणी बसवून घेत नाही. रुसणार नाही तर काय!"

तात्यासाहेबांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मिशी फुरफुरली. देवाचा अवमान झाला असेल, हे त्यांना पटायला फार वेळ लागत नसे.

"अरे, मग सांगितलं का नाही कुणी? आरतीचं ताट आणा!"

आरती झाली. मुराने निर्माल्य म्हणून हार काढला, जाळीतल्या पाकळ्या वेचल्या, अक्षता फुंकल्या. आत वारा खेळू लागला. तात्यासाहेबांनी हात जोडले, अक्षता वाहिल्या आणि दरवर्षी मूर्ती सरकवतात तसा डबा आपल्या हातांनी जरासा पुढे सरकवला.

खट्! वायर निघाली. पडदा काळा झाला.

"मोरया!" मुरा जोरात ओरडला. तात्यासाहेबांनी सवयीने "मोरया!" म्हटलं आणि मग त्यांना घाम फुटला.

"घाबरू नका, आता परत आणा. मुहूर्त तुमचा, हात तुमचा!"

मुराने वायर नीट बसवली. तात्यासाहेबांनी डोळे मिटून बटण दाबलं. पंखा गरगरला. वेबसाइट उघडली. फेटा आला, मिशी आली, मिशीखाली हनुवटी आली आणि दुधाचे दरही आले!

"लबाडा! बंद केलास की रे!"

"मी? मी तर मोरया म्हणत होतो. निरोप तुम्ही दिलात, आणलात तुम्ही. आणि एक सांगू? दादा दर शनिवारी, तुम्ही जेवायला गेलात की, हा गुपचूप बंद करून चालू करायचा. तरी तुम्ही प्रत्येक वेळी निवडून आलात!"

तात्यासाहेब आधी लाल झाले, मग पोट धरून हसत सुटले. "म्हणजे मला निवडून आणणारा तो सदाशिव! राहू दे, राहू दे त्याचा आवाज!" हसता हसता ते थांबले. "पण पोरा, तो फोनवर सांगतो, मी येतोच. लोक वाट बघतील. कोण जाणार?"

"मी. दादाने शब्द दिलाय. तो खोटा कसा पडू देऊ?"

तात्यासाहेबांनी कपाटातून सदाशिवची कापडी पिशवी काढली आणि मुराच्या हातात ठेवली. "उद्यापासून ये. नाही, आजपासूनच."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. टेप चालू झाली. "नाही जमलं तर मी येतोच!" पलीकडून कुणी मास्तर कळवळून म्हणाले, "नाही जमलं हो!"

मुराने फोन उचलून पत्ता विचारला, पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि दादाच्या वतीने निघाला.