विम्याच्या कागदावर वस्तादांची सही

"सही तेवढी हवीय, वस्ताद. एवढं काय वाचताय?"

उत्कर्ष साळोखे तिसऱ्यांदा उठून उभा राहिला. बसवतच नव्हतं त्याला. कऱ्हाडात दोन मजली जिम चालवणारा हा गडी, दंड असे की शर्टाच्या बाह्या रडाव्यात. पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

हिंदुराव वस्तादांनी मान वर केली नाही. ज्या व्यायामशाळेत त्यांनी उत्कर्षला मल्लखांब शिकवला, तिच्याच ओट्यावर ते फाईल मांडीवर घेऊन बसले होते. एकेक ओळ बोटानं दाबत चालले होते.

"पाचच्या आत कागद विमा कंपनीत पोचायला हवेत. तीन वाजले!"

"वाचू दे..."

झालं होतं असं. अकरा दिवसांपूर्वी उत्कर्षच्या जिममध्ये वाईकर बाई पडल्या. निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट. उंच फळीवर चढ-उतार करताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. बाईंच्या मुलानं भरपाईची नोटीस धाडली. नशीब म्हणायचं, उत्कर्षनं व्यायाम शिकवणाऱ्यांसाठी असतो तो विमा उतरवला होता. भरपाई कंपनी देणार. त्यानं फक्त हकिकत लिहून द्यायची आणि सोबत आपल्या गुरूचा दाखला जोडायचा, की हा प्रशिक्षक दक्ष आहे.

एजंटनं आणखी एक बजावलं होतं. प्रकरण मिटेपर्यंत बाईंना भेटायचं नाही. चुकून 'माफ करा' तोंडातून गेलं तर सगळं मुसळ केरात.

"मी विमा उतरवला म्हणून रागावलात का?" उत्कर्षनं विचारलं.

"कशाला रागावू? शहाणपणा केलास. मीबी दरसाल उतरवतो शाळेचा. वादळात पत्रे उडाले, तर कंपनीनं बिनबोभाट नवे दिले."

उत्कर्षला हायसं वाटलं. "मग घोडं अडलंय कुठं?"

वस्तादांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. 'अपघाताच्या वेळी प्रशिक्षक व्यायामार्थीच्या शेजारी उभा होता.'

"हे तू लिहिलंस?"

"एजंटनं सांगितलं तसं..."

"अक्षर तुझं हाय."

उत्कर्षनं घड्याळाकडं पाहिलं.

"चढ," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"खांबावर चढ."

"अहो वस्ताद, तीन वाजून गेले! दहा वर्षं झाली मला खांबाला हात लावून."

"चढ म्हणलं ना."

वस्तादांपुढं कोणाची टाप होती? उत्कर्षनं चरफडत शर्ट काढला आणि खांबाला मिठी मारली. वर पोचेपर्यंत छाती भात्यासारखी चालायला लागली.

वस्ताद खाली येऊन उभे राहिले. या शाळेची रीतच ती. पोरगं खांबावर असेपर्यंत वस्तादानं बसायचं नाही, पाठ फिरवायची नाही, दोन्ही तळवे वर ठेवायचे.

"उलटा हो."

उत्कर्षनं मांड्यांची पकड घातली आणि डोकं खाली केलं. खाली वस्तादांचे तळवे दिसत होते, म्हणून निभत होतं.

मग वस्तादांनी एक अजब गोष्ट केली. फाईल उचलली, स्वतः उभे होते तिथं मातीत ठेवली आणि पाठ फिरवून माठाकडं चालू लागले.

"वस्ताद!"

"फाईल हाय की खाली. सोड हात."

"वस्ताद, अहो, गंमत नका करू..."

"पक्के कागद हायत. शिक्क्याचे. सोड."

उत्कर्षच्या तोंडचं पाणी पळालं. हात खांबाला चिकटले. घामानं मांडी सुटत चालली. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं... आणि पकड गेली.

कमरेला दोन हातांचा विळखा बसला. म्हातारा कधी परत आला, कळलंच नाही. त्यानं उत्कर्षला अलगद मातीवर टेकवलं.

उत्कर्षला रडू फुटलं. दांडगा गडी, पण हमसून हमसून रडला.

"बाईंनी हाक मारली होती," तो म्हणाला. "'सर' म्हणून. मी पलीकडच्या भिंतीपाशी होतो. एका पोराचा व्हिडिओ काढत होतो... जाहिरातीसाठी. म्हटलं, एवढा होऊ दे."

वस्तादांनी खिशातलं पेन काढून पुढं केलं.

उत्कर्षनं फाईल घेतली. 'शेजारी' हा शब्द खोडला. वर लिहिलं, 'पंधरा फुटांवर, मोबाईल हातात'. लिहिताना अक्षर वेडंवाकडं आलं.

वस्तादांनी ते दोनदा वाचलं. मग दाखल्यावर सही ठोकली. प्रशिक्षक दक्ष आहे.

"आता करताय सही?"

"आता करतोय."

"पण कंपनी हे वाचून भरपाई नाकारेल. जिम जाईल माझं."

"जाईलबी."

वस्तादांनी अंगरख्याच्या टोकानं फाईलवरची माती पुसली.

"बाई कशा हायत?"

"माहीत नाही... भेटायची मनाई आहे ना. चोरून नर्सला फोन केला होता. उद्या सकाळी त्यांना पहिल्यांदा उभं करणार आहेत."

"किती वाजता?"

"आठला."

"मग साडेसातला जा."

उत्कर्षनं डोळे पुसले, शर्ट चढवला. दारापर्यंत गेला आणि परत वळला. "जाताना काय नेऊ, वस्ताद? फळं नेऊ, का..."

"काही नको. हात मोकळे ठेव."