सगळ्या शेळ्यांची एकच कविता

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि तिथली रीत मोठी मजेशीर होती. शेळी व्याली की करडू घरातल्या पोराच्या हवाली करायचं, आणि पोरानं त्याच्यासाठी चार ओळी स्वतः रचायच्या. संध्याकाळी पोरं टेकाडावर उभी राहून आपापल्या ओळी गात आणि ज्याची शेळी त्याच्याकडे धावत येई.

ओळी कसल्या, नुसता आनंदीआनंद! 'काळे गं काळे, काकूच्या दाराला टाळे.' टाळं कशाला लागलं, ते कुणी विचारू नये.

एकदा एक पंडित गावात मुक्कामाला आले. त्या ओळी ऐकून ते पोट धरधरून हसले. गावच्या पाटलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पंडितांकडून एक सुरेख कविता लिहून घेतली आणि दवंडी पिटवली, "आजपासून सगळ्या पोरांनी हीच म्हणायची. पोरांच्या गचाळ कविता बंद!"

झाली पंचाईत. संध्याकाळी सगळी पोरं एका सुरात तेच गाऊ लागली. कुणाची शेळी कुणाच्या गोठ्यात, कुणाचं करडू भलत्याच शेळीला लुचे. बायका धार काढायला बसत आणि म्हणत, "अगं बाई, ही आपली नव्हेच!" पाटील म्हणत, "पोरांचं पाठांतर कच्चं आहे." मग पोरं आणखी घोकत आणि शेळ्या आणखी गोंधळत. गोंधळलं तर सगळं गावच होतं, पण पाटलांपुढे बोलणार कोण?

एका संध्याकाळी दाट धुकं उतरलं. चार पावलांवरचं दिसेना. कड्याच्या बाजूनं लांडगा ओरडला. पोरं जीव खाऊन पंडितांची कविता म्हणू लागली. चहूकडून एकच गाणं ऐकून शेळ्या जागच्या जागी गरगर फिरू लागल्या.

शेवटी एका थोरल्या मुलाला राहवेना. तो ओरडला, "काळे गं काळे!" काळी धावत आली. मग सगळ्यांनीच आपापल्या जुन्या ओळी म्हटल्या आणि एकेक शेळी परतली.

राहिलं एकच करडू, पाटलांच्या सुभीचं. ते यंदाच जन्मलेलं. त्याच्यासाठी तिनं ओळ रचलीच नव्हती.

"बाबा, लांडगा खाईल त्याला!" लांडग्याची आरोळी ऐकून धावत आलेल्या पाटलांना बिलगून सुभी रडायला लागली.

"पंडितांची म्हण. मोठ्यानं म्हण!"

सुभीनं म्हटली. करडू आलं नाही. ती कविता ऐकून बिचारं रोज भलत्याच दारात जायचं. त्या कवितेवरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

पाटील घाईनं म्हणाले, "मग तूच कर की एखादी."

"मी? तुम्हीच म्हणालात, पोरांच्या कविता गचाळ असतात."

"असू दे गचाळ! पण तुझी कर, पोरी. लवकर कर!"

सुभीनं डोळे पुसले. तिला काही सुचेना. मग करडाच्या खोड्याच तेवढ्या आठवल्या. त्यांच्यापायी ती त्याला रोज 'चोरा' म्हणूनच हाक मारायची. ती धुक्याकडे तोंड करून ओरडली,

"ये रे चोरा, ये रे घरी,
वहाण अख्खी खाल्लीस तरी,
तुला कुणी मारणार नाही,
बाबांना मी सांगणार नाही!"

बाबा शेजारीच उभे होते.

धुक्यातून बारीकसं "बें" आलं आणि करडू येऊन सुभीच्या कुशीत शिरलं. आपली वहाण कुठं गेली, ते पाटलांना आत्ता कळलं. पण त्यांना राग आला नाही, त्यांचे डोळेच भरून आले. करडाला उचलून घेत ते म्हणाले, "सुभे, पुन्हा म्हण बघू."

तात्पर्य एवढंच: उसन्या सुरेख कवितेपेक्षा मुलाची स्वतःची वेडीवाकडी ओळ मोलाची. तिला हसू नये, ती पुन्हा म्हणायला सांगावी.